अकरावी शाल

सोळा वर्षं झाली, क्लबच्या प्रमाणपत्रांवर
नावं मीच लिहितो. बोरूनं.
छापील अक्षरात नाव आलं की माणूस
सातबाऱ्यावर चढल्यासारखा दिसतो, असं माझं मत.
अध्यक्ष हसतात, पण शाई क्लबच्या खर्चात धरतात.

यंदा अकरा नावं.
जाड कागद, कडेनं सोनेरी वेल,
खाली तीन सह्यांच्या जागा.
'भूपाल आदगोंडा मगदूम, कसबे डिग्रज'
लिहिताना भूचा ऊकार जरा लांबला.
मी तो तसाच ठेवला. मुळासारखा दिसत होता.

शनिवारी सांगलीतला हॉल भरला.
माइकनं आधी शिट्टी मारली,
मग पाहुण्यांनी वेळ खाल्ला.
अल्फिया शिकलगार, इयत्ता नववी,
मंचावर आली ती मोजायची टेप हातात घेऊनच.
गल्लीतल्या चाळीस भिंतींवरची पुराची रेघ
तिनं वहीत उतरवलीय:
पिठाची गिरणी, सात फूट दोन इंच.
सायकलचं दुकान, पाटी बुडाली, कुलूप तरंगलं नाही.
आमचं घर, माझ्या डोक्यावर एक हात.
निवेदक म्हणाले, संशोधक वृत्ती.
ती म्हणाली, "सगळे म्हणत होते गुडघाभर होतं,
म्हणून मोजलं."

इंदुमती कांबळे मिरजेच्या सरकारी दवाखान्यात
ज्यांचं कुणी येत नाही
त्यांच्या उशाशी रात्री बसतात.
हार गळ्यात पडला आणि त्यांनी घड्याळ पाहिलं;
नऊला कुणालातरी कुशीवर वळवायचं होतं.
फोटोत त्या हललेल्या आल्यात.

मग पुकारा झाला: भूपाल आदगोंडा...
एकदा. दोनदा. खुर्ची रिकामी.
मागून कुणीतरी ओरडलं,
"अण्णांची हळद शिजतीया!
बॉयलरचा नंबर आजच लागलाय, कसं येतील?"
हॉल हसला.
अध्यक्षांनी शालीची घडी घातली
आणि माझ्या हातात दिली,
न खपलेल्या पावतीपुस्तकासारखी.

रविवारी तांबडं फुटताना निघालो.
स्कूटरच्या हुकाला नारळाची पिशवी,
गुडघ्यावर आपटत.
डिग्रजच्या अलीकडेच वास लागला,
उकडलेल्या मातीचा, ओल्या धुराचा;
देव्हाऱ्यातल्या हळदीशी याचं नातं
सांगून कुणाला पटलं नसतं.
वाफेत माणसं अर्धी अर्धी दिसत होती.
अण्णांनी एका गड्ड्यात काडी टोचली.
"आरपार गेली की झालं. बसा,
अजून दोन घाण्या हायत."

बसलो. भाषण झालं नाही.
शाल त्यांनी कपाळाला लावली
आणि रात्रभर जाळ सांभाळून
पोत्यांवर पडलेल्या पोराच्या अंगावर टाकली.
नारळाचं पाणी थोडं जाळाला,
उरलेलं आम्हा सात जणांत.
खोबऱ्याचे तुकडे हातोहात
पिवळे होत फिरले.

मग त्यांनी कागद मागितला.
हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. काय उपयोग.
एकेक अक्षर बोटाखालून नेलं,
भूपाशी थांबले.
"ह्याला कंद सुटलाय की वो, मास्तर."
परत दिला तेव्हा तिसऱ्या सहीच्या पलीकडे,
जिथे जागा ठेवलीच नव्हती,
अंगठा उमटला होता. रेघ न् रेघ.
"खराब केला मी."
म्हटलं, दुसरा लिहून आणतो.

मंगळवारी नेऊन दिला. स्वच्छ. ऊकार मापातला.
अण्णांनी पाहिला, "बरा हाय" म्हणाले,
आणि पहिला कुठे आहे ते विचारलं नाही.

तो माझ्याकडे आहे.
भिंतीवर लावला नाही, हळद उजेडानं उडते.
कपाटात, अंधारात, बोरूंच्या शेजारी ठेवलाय.
क्लबच्या हिशेबात एक कागद कमी येतो.
अध्यक्षांनी दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा म्हटलं,
शाई सांडली.